विश्लेषण : मनःस्वास्थ्याचे संकल्प संक्रांतीपर्यंतही का टिकत नाहीत?

‘यंदा ताण घ्यायचा नाही’, ‘चिडचिड बंद’, ‘आनंदी राहायचे’... डायरीच्या पहिल्या पानावरचे हे संकल्प तिळगूळ वाटेपर्यंतच विरतात. इच्छाशक्ती कमी पडली, असे म्हणून माणूस स्वतःलाच बोल लावतो. मानसशास्त्रातील संशोधन मात्र संकल्पाच्या घडणीकडे बोट दाखवते.

१ जानेवारीचे एवढे काय?

हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ मधील संशोधनानुसार नवे वर्ष, वाढदिवस, अगदी सोमवारही माणसाला नव्याने सुरुवात करण्याचे बळ देतो. दिवाळीत व्यापारी नवी वही घालतो, तसेच हे. मुहूर्त वाया जात नाही; पण तो फक्त सुरुवात करून देतो.

नेम कुठे चुकतो?

‘आनंदी राहीन’ ही इच्छा झाली, उद्दिष्ट नव्हे. भावना हुकमी येत नाहीत, कृती करता येते. नैराश्यावरील ‘बिहेविअरल ॲक्टिव्हेशन’ ही उपचारपद्धती याच सूत्रावर उभी आहे. मन लागले की बाहेर पडू, असे म्हणत न थांबता आधी बाहेर पडायचे. मन मागून येते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीची चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रे घेतली. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटातील अधिक रुग्ण तीन महिन्यांत सावरल्याचे ‘द लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाले.

शब्दांनीही फरक पडतो. स्वीडनमध्ये १,०६६ जणांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘अमुक करीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के, तर ‘तमुक टाळीन’ म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के जणांनी वर्षाअखेरीस आपण यशस्वी ठरल्याचे सांगितले. म्हणजे ‘मोबाइल बघणार नाही’पेक्षा ‘जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवीन’ हे बरे.

पेलणारा संकल्प कसा असतो?

तो रोजच्या एखाद्या घटनेला बांधलेला असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘असे झाले की तसे करीन’ या रचनेचा उपयोग दाखवून दिला. रात्रीचे जेवण झाले की सोसायटीला दोन फेऱ्या. रविवारचा चहा झाला की जुन्या मैत्रिणीला फोन.

आकारही आयुष्याला साजेसा हवा. बदलापूरहून रोज लोकलमध्ये उभ्याने मुंबई गाठणाऱ्या आणि घरी परतताच ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला ‘रोज पाऊण तास ध्यान करा’ असे सांगणे म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम घालणे. तिला दहा मिनिटे निवांत बसता यावे, यासाठी रात्रीची भांडी घरातल्या दुसऱ्या कुणी तरी घासण्याचा संकल्प अधिक उपयोगी. मनःस्वास्थ्याचे सल्ले देणारे हे सहसा सांगत नाहीत.

एक दिवस चुकला तर?

काही बिघडत नाही. २१ दिवसांत सवय लागते, हा समज लोकप्रिय असला तरी लंडनमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० मधील अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्यक ६६ दिवसांचा होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे नुकसान झाले नाही.

नुकसान करतो तो ‘च’. ‘रोज चाललेच पाहिजे’ असे ठरवणारा चौथ्या दिवशी चुकला, की ‘आपल्याला काहीच जमत नाही’ असे म्हणून पाचव्या दिवशी चपला घालतच नाही. अल्बर्ट एलिस यांनी अशा हट्टी मागण्यांवर बोट ठेवले आणि कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवली. ‘चालायला आवडेल, जमेल तितके चालेन’ असे म्हणणारा सहसा पुढच्या दिवशी चालायला जातो.

संकल्प पुरेसा नसतो तेव्हा?

उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे जवळपास रोज जाणवत असेल, तर विषय संकल्पाचा राहत नाही. डॉक्टरांकडे जाण्याचा असतो. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.