लॅपटॉप बंद केल्यानंतरची 25 मिनिटं

आजचा एपिसोड माणगावातून. मागे हायवेवरचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, आज शनिवार आहे आणि अर्धी मुंबई श्रीवर्धन-हरिहरेश्वरला निघालीय.

आजचा विषय वर्क-लाइफ बॅलन्स आणि योग. हे शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर येतो समुद्रकिनारा, सूर्योदय आणि मांडी घालून बसलेलं कुणीतरी. तो फोटो जरा बाजूला ठेवू. माझा प्रश्न साधा आहे: घरून काम करणाऱ्या माणसाचा दिवस संपतो कधी?

ऑफिसला जाणाऱ्यांना प्रवासाचा वैताग असतो, मान्य. पण तो प्रवास एक काम गुपचूप करायचा. लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये तासभर गेला की ऑफिस हळूहळू डोक्यातून उतरायचं. इथे माझ्या टेबलापासून जेवणाच्या ताटापर्यंत आठ पावलं आहेत. आठ पावलांत काही उतरत नाही. आईने "भात वाढू का?" विचारलं की तोंडातून निघतं, "हो, चेक करतो."

मला योग उपयोगी पडतो तो या हरवलेल्या प्रवासाच्या जागी. लॅपटॉप बंद, चटई खाली, 25 मिनिटं. आधी मार्जारासन, कारण दिवसभर बसून पाठीचा नुसता ओंडका झालेला असतो. मग भिंतीला हात टेकून कमरेतून पुढे वाकणं, भुजंगासन, भिंतीवर पाय टेकवून पडून राहणं आणि शेवटी शवासन. पोट रिकामं हवं, म्हणून हे जेवणाआधी. पाठीचा जुना त्रास, बीपी किंवा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, व्हिडिओ बघून सुरू करू नका.

यात श्वासाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आत्ता करून बघा (गाडी चालवत असाल तर नको). मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला ब्रेक लावते आणि उच्छ्वासाच्या वेळी तो ब्रेक जास्त लागतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला निरोप जातो, धोका टळला, आता आराम. "रिलॅक्स हो" असं स्वतःला बजावून हृदय ऐकत नाही. श्वासाचं ऐकतं.

कुणी म्हणेल, योग म्हणजे संन्याशांचं काम, नोकरदारांना कुठे जमतंय? तर आपल्याच मुंबईत, वर्सोव्याला, 1918 साली योगेंद्रजींनी 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली ती संसारी माणसांसाठी. त्यांचेच गुरुबंधू स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते एक्स-रे आणि रक्तदाबाच्या यंत्राने तपासायला सुरुवात केली. निष्कर्ष छापायला 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिकही काढलं. इंजिनिअर म्हणून मला हा माणूस फार आवडतो. आधी मोजा, मग बोला!

आता खरी अडचण: रोज जमवायचं कसं? आमची टीम बोस्टनची. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. मीटिंग सव्वासातला संपते, मग चटई, आणि आठला घरच्यांबरोबर जेवण. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग आपल्याकडे साडेसातला येते. सव्वाआठला संपणार म्हणजे चटई तरी जाते नाहीतर जेवण. घरचे थांबतात, पण किती दिवस थांबवायचं? पप्पांची जेवणानंतरची गोळी ठरलेल्या वेळेची असते.

इथे कुठलंही आसन कामाचं नाही. मी टीमशी बोललो, हिवाळ्यात मीटिंग त्यांच्या साडेआठला घ्याल का? घेतली. आता ती आपल्या सातला असते, पावणेआठला सुटते, आणि जेवण दहा मिनिटं पुढे गेलं तर घरी कुणाची तक्रार नसते.

हे मुद्दाम सांगतोय, कारण योगाच्या नावाखाली सगळा भार कर्मचाऱ्यावर टाकायची फॅशन आलीय. रात्री अकराला मेल पाठवायचा आणि 21 जूनला सगळ्यांना सूर्यनमस्कार घालायला लावायचे! फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क 2017 पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सध्या तरी आपलं आपल्यालाच बोलावं लागतं.

तुमची टीम अमेरिकेतली असेल तर नोव्हेंबर उजाडायच्या आत कॅलेंडर उघडा आणि संध्याकाळची ती मीटिंग कुठे सरकतेय ते बघा. भेटू पुढच्या शनिवारी, हॉर्नसकट.