घोड्यांमागची अँब्युलन्स

रेसकोर्सवर सगळ्यांची नजर असते घोड्यांवर. पण जरा मागं बघा. तिथं एक अँब्युलन्सही धावत असते! सुमारे ५०० किलोचा घोडा ताशी ६० किलोमीटर वेगानं पळत असतो. त्यावरून जॉकी पडला, तर मदत लगेच नको का?

ब्रिटनमध्ये डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि मार्च १९६४ मध्ये पॅडी फॅरेल शर्यतीत पडले. दोघांचे पाय लुळे झाले. त्यातूनच जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला. २००९ मध्ये लॅम्बर्न गावी त्यांच्यासाठी उपचार-व्यायामाचं केंद्रही निघालं.

आता पडलेल्या जॉकीला रेसकोर्सचे डॉक्टर तपासतात. मेंदूला धक्का बसल्याची शंका आली, की त्यानं कितीही म्हणू दे, ''मी ठणठणीत आहे!'' - त्याची पुढची शर्यत बंद!