फुटलेल्या गुंडाची घंटी

यंदा पोळ्याला आमच्या सर्जाच्या गळ्यात नवी घंटी होती. ती बाजारातली नव्हती, आमच्या अंगणातच ओतली होती. पण ती एका दमात झाली नाही. ती कशी झाली, ते मी सांगते.

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होता. पुढे स्टीलची आणि अॅल्युमिनियमची भांडी आली व पितळेचे गिऱ्हाईक कमी झाले. माझे आबाजी आधी ओतकाम करीत. त्यांची भट्टी व भाता बरीच वर्षे तसाच पडून होता. बाबा म्हणत होते, "मोडीत देऊन टाकू." सर्जाची जुनी घंटी हरवली तेव्हा आबाजी म्हणाले, "एक घंटी ओतून पायतो. नाही जमलं तर दे मोडीत."

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. आजीने आपला फुटका पितळी गुंड दिला. घंटी करायची ती अशी. आधी मातीचा गाभा करतात. त्याच्यावर मेणाची घंटी बनवतात. मेणावर बारीक माती लावतात, मग धानाचे तूस मिसळलेली जाड माती लावतात. वर एक तोंड ठेवतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते व आत रिकामी जागा राहते. त्या जागेत पितळेचा रस ओततात. गार झाल्यावर साचा फोडतात. म्हणून प्रत्येक घंटीला नवा साचा लागतो.

पहिल्या वेळी रस ओतला आणि फस्स असा आवाज झाला. रस वर उडाला. आम्ही पोरे ओसरीवर दूर उभी होतो म्हणून बरे. साचा फोडला तर घंटी भोकाभोकांची! मला रडू आले. आबाजी म्हणाले, "रडतेस काहून? काहून बिघडली, ते आधी पाय." दिवस पावसाचे होते. साचा वरून वाळला होता पण आत ओल होती. पाण्याची वाफ झाली की ती १,५०० पटीहून जास्त जागा घेते. तिला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तिने रसात भोके पाडली.

दुसऱ्या वेळी साचा तीन दिवस चुलीजवळ वाळवला. पण आता भात्याचे चामडे फाटले. वारा कमी, म्हणून आच कमी. पितळ वितळायला फार वेळ लागला आणि पांढरा धूर निघत राहिला. तो धूर जस्ताचा होता. तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. जस्त ४२० अंशालाच वितळते व ९०७ अंशाला उकळून उडून जाते. उशीर झाल्यामुळे आमचे जस्त उडाले. रस घट्ट झाला आणि अर्ध्या साच्यातच थिजला. घंटीला कडच आली नाही. (हा धूर नाकात गेला तर ताप येतो. भट्टीजवळ जाऊ नये.)

आता पोळ्याला दोनच दिवस राहिले होते. बाबा काही बोलले नाहीत, पण भात्याकडे बघत होते.

आबाजींनी सायकलची जुनी ट्यूब कापून भात्याला ठिगळ लावले. जस्त घरात नव्हते. मग बॅटरीच्या संपलेल्या सेलचे बाहेरचे कवच काढले, ते जस्ताचे असते. हे काम आबाजींनीच केले, आपण सेल फोडायचे नाहीत. बिघडलेल्या दोन्ही घंट्या परत मुशीत टाकल्या. वर टाकणखार टाकला, म्हणजे पितळेला वारा लागत नाही. जस्त शेवटी टाकले. साचा तापलेला असतानाच रस ओतला. खांदे शेकायच्या दिवशी साचा फोडला आणि घंटी पुरी निघाली! तिचा आवाज थोडा बसका आहे व एका बाजूला खडबडीत आहे.

गुरुजींनी सांगितले की १९७४ साली अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात दायमाबादला चार जुन्या ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. त्या हजारो वर्षांपूर्वीच्या आहेत. चारींचे मिळून वजन ६० किलोच्या वर आहे. त्यांनाही मेण वापरून साचा केला होता. आपण तान्ह्या पोळ्याला लाकडाचे बैल नेतो, तसे त्या लोकांनी धातूचे बैल केले. त्यांचेही साचे कधी ओले राहिले असतील, असे मला वाटते.

यातून मला एक समजले. बिघडलेली घंटी वाया जात नाही, ती परत वितळते. पण का बिघडली हे न बघता परत ओतली तर परत तशीच निघते. गणित चुकले की मी आता पान फाडत नाही. कुठे चुकले ते शोधते.

संध्याकाळी सर्जा रानातून येतो तेव्हा बसक्या आवाजावरून आम्हांला लांबूनच कळते. आणि भाता मोडीत दिला नाही. बाबांनीच त्याला तेल लावून ठेवले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी