फुटांचा हिशेब

चित्रपट केवढा, हे आज आपण मिनिटांत सांगतो. निर्मात्याला मात्र कित्येक दशके तो फुटांत मोजावा लागे, कारण कच्ची फिल्म फुटांवर विकत मिळे. हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी मावतात. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे दीड फूट. मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. दोन तासांचा चित्रपट १०,८०० फूट भरतो.

पण तेवढीच फिल्म घेऊन चित्रीकरणाला कोण निघेल? नट अडखळतो, ढग येतो, मागून कुत्रे भुंकते. वापरलेल्या एका फुटामागे पाच फूट खर्च होतील असे धरले, तर ५४ डबे झाले. शिवाय फिल्म भरताना दोन्ही टोकांना उजेड लागतो तो भाग जातो, कॅमेरा वेग घेईपर्यंतचा जातो, आणि रिळाच्या शेवटी उरलेले साठ-सत्तर फूट लांब शॉटला पुरत नाहीत. घड्याळाचा, पत्राचा, थरथरत्या हाताचा क्लोजअप अशा तुकड्यांवर उरकता येई. जुन्या मंडळींचा तालमींवर एवढा भर का, याचे एक उत्तर मला या डब्यांत दिसते. तालमीला फिल्म लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म दुर्मीळ झाली, तेव्हा सरकारने कथापटाला ११,००० फुटांची मर्यादा घातली. म्हणजे जेमतेम दोन तास, तेही गाण्यांसकट!

हाच हिशेब मागे नेला की एक गंमत हाती लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ३,७०० फुटांचा होता आणि सुमारे चाळीस मिनिटांचा, असे सर्रास लिहिले जाते. ३,७०० ला ९० ने भागा, ४१ येतात. पण ९० हा बोलपटाचा वेग. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे एक फूट. त्या वेगाने हा चित्रपट तासाभराहून थोडा अधिकच चालेल. चाळीस मिनिटांचा आकडा या चुकीच्या भागाकारातून आला असावा, असे मला वाटते.

फाळक्यांकडे येणाऱ्या फिल्मला कडेची छिद्रेही नसत. ती पाडण्याचे यंत्र त्यांनी लंडनहून आणले होते आणि अंधारात बसून ते काम सरस्वतीबाई करत. फुटाला दोन्ही कडा मिळून १२८ छिद्रे. वाया गेलेली फिल्म सोडून नुसते ३,७०० फूट धरले, तरी ती ४,७३,६०० होतात.