हिवाळा : सोडण्याचा नव्हे, धरण्याचा ऋतू

महाराष्ट्रीय घरांत सोडण्याचा काळ पूर्वापार ठरलेला आहे. आषाढी एकादशीच्या सुमारास कांदा, लसूण आणि वांगी यांना रजा मिळते. कोणी एक वेळचे जेवण सोडतो, कोणी आवडीचा पदार्थ. कार्तिकीला चातुर्मास संपतो, आणि पुष्कळ घरी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर वांगी सन्मानाने स्वयंपाकघरात परत येतात. म्हणजे थंडी पडू लागते त्या वेळी आपली रीत सोडलेले पुन्हा हाती घेण्याची आहे. इंग्रजी वर्षारंभाचे संकल्प मात्र नेमके उलटे चालतात. ऐन थंडीत चहा सोडायचा, साखर सोडायची, रात्रीचे जेवण सोडायचे! त्यांतले किती संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत टिकतात, हे घरातील गृहिणीलाच विचारावे. तंबाखू सोडू पाहणाऱ्यास अर्थात कोणताही मुहूर्त शुभच होय.

चरकसंहितेत ऋतुचर्या सांगताना हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो असे म्हटले आहे. त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसालाच ग्रासतो, आणि माणसाचे बळही याच दिवसांत सर्वांत अधिक असते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मनाची भूकही अशीच असावी. संकल्प मोडल्याचे दुःख चहाच्या एका पेल्यापुरते नसते. दरवर्षी मोडणारा संकल्प माणसाचा स्वतःवरील विश्वास थोडाथोडा झिजवतो. चाळिशी-पन्नाशीच्या गृहस्थाला ही झीज परवडणारी नाही. त्यापेक्षा आनंदाची एखादी नवी गोष्ट धरावी. ती एखादे दिवशी चुकली तरी अपराध घडत नाही.

आणि धरण्याजोगे काय आहे, हे पाहण्यास अंगणात किंवा गच्चीवर जाणे पुरे. डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास मुंबईची रात्र जवळजवळ तेरा तासांची, तर दिल्लीची सुमारे पावणेचौदा तासांची असते. या लांब रात्रीचे सर्वांत मोठे धन म्हणजे मृग नक्षत्र. डिसेंबरच्या मध्यास रात्री नवाच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. एका ओळीत तीन तारे दिसतील. तो व्याधाने मृगाला मारलेला बाण. ही ओळ एका बाजूला वाढवत आग्नेयेकडे नेली की तेजस्वी व्याध सापडतो, आणि दुसऱ्या बाजूला नेली की तांबूस रोहिणी व तिच्यापलीकडे कृत्तिकांचा पुंजका. साध्या डोळ्यांना कृत्तिका बहुधा सहा मोजता येतात; सातवी दिसली तर डोळ्यांचे कौतुक करून घ्यावे. याच मृगाच्या आधारे लोकमान्य टिळकांनी वेदांच्या प्राचीनतेचा विचार मांडला. त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ 1893 साली प्रसिद्ध झाला.

व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात, रोहिणीच्या प्रकाशाला सुमारे पासष्ट. तिसरीतल्या नातवाला व्याध दाखवावा आणि आजोबांनी रोहिणी पाहावी. दोघांनाही जवळपास आपापल्या जन्माच्या वेळी निघालेला प्रकाश भेटतो. या छंदाला दुर्बीण लागत नाही. लागतो तो थोडा अंधार, आणि शहरांत तोच दुर्मीळ होत चालला आहे.

दिवसाच्या वेळी पाहावयाचे पाहुणे निराळे. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून येणारे पक्षी थंडीचे महिने भारतात काढतात. भरतपूरचे केवलादेव, गुजरातेतील नळसरोवर, ओडिशाचे चिलका, भिगवणजवळील उजनीचा जलाशय ही त्यांची प्रसिद्ध मुक्कामाची ठिकाणे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर 2020 मध्ये रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातील तो पहिला मान. पण प्रवास झालाच पाहिजे असे नाही. दिल्लीकराला यमुनेच्या घाटावर कुरवांचे थवे भेटतात. आणि शेपटी सतत वरखाली हलवीत पाण्याकाठी, हिरवळीवर धावणारा परीट तर कचेरीच्या आवारातही उतरतो. त्याला ज्या दिवशी प्रथम पाहिले ती तारीख वहीत लिहावी, एवढीच सुरुवात. पुढच्या वर्षी त्या तारखेची वाट पाहिली जाते, आणि छंद लागला तो इथेच. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक 1941 साली निघाले. त्याच्या आधाराने कितीएक हौशी माणसे पक्षी ओळखू लागली.

गाणे शिकणे, कुंडीत शेवंती लावणे, पहाटे टेकडी चढणे, यांनाही हाच ऋतू मानवतो. मात्र एकदम चार गोष्टी धरू नयेत; चार धरणारा फेब्रुवारीत चारही सोडतो.

वसंत सरता सरता परीट उत्तरेकडे निघून जातो. मृगही रोज थोडा लवकर मावळत मेअखेरीस सूर्याच्या तेजात दिसेनासा होतो. जूनच्या 7-8 तारखेस सूर्य मृगात येतो, आणि तेव्हा आकाशात न दिसणाऱ्या त्या नक्षत्राचे नाव पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी असते.