बेस गिटार घ्यायचीय, पण बजेट बेताचं?

लिओ फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ साली आली. त्याच घाटाची गिटार आज फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त ब्रँडमध्ये मिळते. नवशिक्याला तेवढी पुरे. हात लहान असतील तर ३४ऐवजी ३० इंची स्केल (तारेची वाजती लांबी) बघावी.

खरी गोची अँपची. बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. तो खर्ज साध्या गिटार अँपच्या स्पीकरला पेलत नाही. आवाज चढवला की फाटतो, कधीकधी स्पीकरसुद्धा! घरच्या रियाजाला ८ इंची स्पीकरचा, २५ वॅटचा बेस अँप पुष्कळ. ड्रमरसमोर मात्र त्याचा टिकाव लागत नाही.

जुनी गिटार घेताना तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबावी. मधोमध तार आणि फ्रेट यांच्यातल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, तर मान ठीक. नॉबची खरखर साफ होते. पिळलेली मान विकणाऱ्याकडेच राहू द्यावी.