हाजींच्या कार्डावरची चार अक्षरे

गेल्या वर्षी आमचे चाचा उमऱ्याला निघाले. बॅगा भरून झाल्या होत्या. मी सहज विचारलं, “मेनिन्जायटिसची लस घेतलीत ना?” चाचा हसले. “अरे, एजंट म्हणाला, उमऱ्याला कोण कागद बघतो? आणि अल्लाहच्या घरी निघालोय, तिथं कसली भीती?”

मी कवी माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवशी चाचांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

मेनिन्जायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला येणारी सूज. ती आणणाऱ्या जिवाणूंपैकी मेनिंगोकॉकस फार घातक. एरवी तो साधारण दहातल्या एकाच्या नाका-घशात काही त्रास न देता राहतो. खोकल्या-शिंकेतून, जवळच्या सहवासातून पसरतो. पण एखाद्याच्या रक्तात शिरला, की जोराचा ताप, डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, अंगावर जांभळट डाग. उपचार मिळूनही दहातला एक दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येतं.

या जिवाणूच्या अंगावर शर्करेचा एक अंगरखा असतो. त्यावरून त्याचे गट पडतात: ए, बी, सी, डब्ल्यू, वाय वगैरे. लस शरीराला त्या अंगरख्याची ओळख करून देते. अंगरखा वेगळा असला, की ती ओळख कामाची नाही.

मक्केत हेच घडलं. १९८७च्या हजमध्ये ए गटाची साथ आली. पुढे यात्रेकरूंना लस सक्तीची झाली. ती बहुतेकांना ए आणि सी या दोनच गटांची मिळे. २०००मध्ये मात्र डब्ल्यू-१३५ पुढे आला. तो काही नवा जन्मलेला नव्हता. आधीही तुरळक सापडे. लाखोंच्या गर्दीत त्याला वाट मिळाली, इतकंच. हाजी आणि त्यांचे निकटवर्तीय मिळून अनेक देशांत ४००हून अधिक रुग्ण निघाले. २००२मध्ये आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत याच गटाने सुमारे १३,००० जणांना गाठलं. त्याच वर्षापासून सौदी सरकारने ए, सी, डब्ल्यू, वाय अशा चारही गटांची लस सक्तीची केली. कार्डावरची चार अक्षरं ती हीच.

लहानपणी माझे आजोबा बोटीने हजहून परतले, तेव्हा सारा मोहल्ला गळाभेटीला लोटला होता. खजूर आणि जमजमचं पाणी घरोघर गेलं. अशा भेटीतच धोका असतो. कारण २०००मध्ये कित्येक घरांत हाजी ठणठणीत होते आणि आजारी पडलं ते घरातलं माणूस. २०२४मध्येही अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये उमऱ्याशी संबंधित १२ रुग्ण आढळले; लस घेतल्याची खात्री त्यांतल्या एकाचीही नव्हती.

लस उमऱ्यालाही बंधनकारक आहे, आणि ती पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. परतल्यावर ताप आणि मान आखडणं दिसलं, तर लस घेतलेली असली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

चाचांनी तिकीट पुढे ढकललं. एजंटाने पैसे कापले, चाचा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परतले ते थेट घरातल्या तान्ह्या बाळाकडे गेले. त्याला उचलून छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “पैसे वसूल!”